अमेरिकेत मुलाकडं जाताय? स्कॅनरमध्ये ट्रंक सिस्टीम अशी भरा

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत तिघाचौघांपैकी एकाचं कुणीतरी अमेरिकेत असतंच. दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईवडील सहा महिन्यांसाठी निघतात, आणि निघायच्या आठवडाभर आधी तात्या, अण्णा, काका अशी मंडळी माझ्या गॅलरीत येऊन बसतात. प्रश्न ठरलेला. "तिकडं वेळ कसा घालवायचा हो? मुलगा-सून कामाला, नातू शाळेला, आणि गाडीशिवाय बाहेर पाऊल टाकता येत नाही."

मी वीज मंडळात होतो. उच्चदाबाच्या तारांवरूनच एका उपकेंद्रातून दुसऱ्याशी बोलायची जी पीएलसीसी यंत्रणा असते, तिची देखभाल करण्यात नोकरी गेली. कानाला खरखर ऐकायची सवय आहे. मुलगा ओहायोत आहे. पहिल्या खेपेला तिथं गेलो तेव्हा वेळ घालवायला एक पोलीस-फायर स्कॅनर घेतला, म्हणजे पोलीस आणि अग्निशमन दलाचं वायरलेसवरचं बोलणं ऐकायचा रेडिओ, आणि पहिले बारा दिवस त्यातून एक शब्द ऐकू आला नाही. तेराव्या दिवशी लक्षात आलं की यंत्र ठीक आहे, ते भरायची माझी पद्धत चुकली होती. ते बारा दिवस तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कुणी उत्साहात बॅगेत स्कॅनर घालून परत यायचा. आपल्याकडं विनापरवाना वायरलेस यंत्र जवळ बाळगणं हाच गुन्हा होता, १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून. आता २०२३ चा टेलिकम्युनिकेशन कायदा आला आहे, त्यातही रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी लागतेच. पोलिसांचं बोलणं ऐकणं तर सोडूनच द्या. तिकडचा हिशेब वेगळा. तिथं स्कॅनर दुकानात मिळतो आणि घरात बसून कुलूपबंद (म्हणजे इतरांना कळू नये म्हणून सांकेतिक केलेलं) नसलेलं बोलणं ऐकायला सर्वसाधारणपणे हरकत नसते. तरी मोबाईल फोनचं बोलणं ऐकायला मनाईच आहे आणि तिथं विकल्या जाणाऱ्या स्कॅनरमध्ये मोबाईलचा पट्टा मुळातच बंद केलेला असतो. ऐकलेल्या माहितीचा स्वतःच्या फायद्यासाठी वापर करण्यावरही बंधनं आहेत. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी अशा काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर निर्बंध आहेत. मुलगा ज्या राज्यात आहे तिथला नियम त्यालाच शोधून बघायला सांगा. ट्रिपला जाताना यंत्र घरी ठेवलं की प्रश्नच मिटला.

आधी एसटी स्टँडवर चला

ट्रंक सिस्टीम समजून न घेता यंत्राची बटणं दाबायला गेलात तर माझ्यासारखे बारा दिवस जातील. म्हणून ही पायरी सगळ्यात मोठी लिहितोय. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

जुनी पद्धत सोपी होती. पोलिसांची एक फ्रिक्वेन्सी, अग्निशमनाची एक, रस्ते खात्याची एक. म्हणजे प्रत्येक मार्गाच्या गाडीला स्टँडवर कायमचा फलाट. तासगावची गाडी तीन नंबरला म्हणजे तीनलाच. ती नसेल तेव्हा फलाट मोकळा पडून राहणार, आणि शेजारी विट्याच्या दोन गाड्या रस्त्यात खोळंबणार. फ्रिक्वेन्सी ही मोजकी वस्तू आहे, तिची अशी नासाडी मोठ्या शहराला परवडत नाही.

ट्रंक पद्धतीत फलाट कुणाच्याच नावावर नसतो. एक माणूस माईकवर बसलेला असतो आणि अखंड सांगत असतो: "जत गाडी फलाट क्रमांक पाच. तासगाव गाडी फलाट क्रमांक दोन." जो फलाट मोकळा असेल तो द्यायचा, गाडी सुटली की काढून घ्यायचा. पाच मिनिटांनी तीच जतची गाडी सातवर लागेल. जतच्या प्रवाशाला कुठलाच फलाट पाठ करायची गरज नाही, त्यानं फक्त माईककडं कान ठेवायचा आणि "जत" ऐकलं की तिकडं पळायचं.

आता नावं बदला. फलाट म्हणजे फ्रिक्वेन्सी. "जत गाडी" म्हणजे टॉकग्रुप. म्हणजे बोलणाऱ्यांचा एक गट, त्याला एक क्रमांक असतो. माईकवरचा माणूस म्हणजे कंट्रोल चॅनल. तो माणूस आवाजात बोलत नाही, सेकंदाला ९६०० बिट या वेगानं आकडे ओकत असतो. साध्या रेडिओवर ऐकलात तर नुसती घरघर. स्कॅनरचं खरं काम ती घरघर वाचणं, तुम्ही दिलेल्या यादीतला टॉकग्रुप पुकारला गेला की त्या फलाटावर उडी मारणं, आणि बोलणं संपलं की पुन्हा माईकपाशी येऊन उभं राहणं. हे सगळं सेकंदाच्या छोट्या भागात होतं.

मी काय केलं होतं? मिळाल्या तेवढ्या फ्रिक्वेन्सी जुन्या पद्धतीनं एकेक करून भरल्या होत्या. म्हणजे माईककडं दुर्लक्ष करून सगळ्या फलाटांवर नुसता धावत होतो.

आणखी दोन गोष्टी स्टँडवरूनच समजतील. एक म्हणजे साइट, सिस्टीमचं एकेका भागापुरतं ठाणं. सांगलीच्या स्टँडवरची घोषणा मिरजेत ऐकू येत नाही. मिरजेला तिचा स्वतःचा माईक. मोठ्या सिस्टीमला असे शेकडो स्टँड असतात. ओहायोची मार्क्स नावाची राज्यभरची सिस्टीम घ्या. अठ्ठ्याऐंशी काउंटी (तिकडचे तालुके-जिल्हे म्हणा), दोनशेहून जास्त मनोरे. घराजवळच्या साइटचा कंट्रोल चॅनल भरला तरच काही ऐकू येणार. सगळ्या साइट भरल्या तर यंत्र उरलेल्या साइट शोधण्यातच दमतं.

दुसरी गोष्ट भल्याभल्यांना चकवते. सिस्टीम एक आहे म्हणून प्रत्येक गाडी प्रत्येक स्टँडवर येतेच असं नाही. जतचा एकही प्रवासी स्टँडवर नसेल तर गाडी आत शिरतच नाही, बायपासनं निघून जाते. तसंच त्या साइटच्या हद्दीत एखाद्या टॉकग्रुपवरचा एकही वॉकीटॉकी नोंदलेला नसेल, तर ते बोलणं त्या साइटवरून प्रसारितच होत नाही. शेजारच्या काउंटीचा टॉकग्रुप तुम्ही बरोबर भरलात तरी शांतता का, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

यंत्र कुठलं घ्यायचं

अमेरिकेत आता पोलीस-फायरच्या बहुतेक मोठ्या सिस्टीम पी-२५ या डिजिटल पद्धतीच्या आहेत. तिचे दोन टप्पे. फेज वनमध्ये एका साडेबारा किलोहर्ट्झच्या फलाटावर एक बोलणं. फेज टूमध्ये त्याच फलाटावर वेळ वाटून दोन. खोक्यावर "पी-२५ फेज टू" असं लिहिलेलं नसेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. माझ्या मुलाच्या ओळखीच्यानं एक वापरलेला स्कॅनर "सगळं ऐकू येतं" म्हणून दिला होता. तो ॲनालॉग निघाला. तो आता नातवाचं खेळणं आहे.

युनिडेन कंपनीचे बीसीडी ३२५ पी२, बीसीडी ४३६ एचपी आणि एसडीएस १०० हे हातातले स्कॅनर जास्त दिसतात. एसडीएस १०० हा २०१८ मध्ये आला, किंमत सहाशे-सातशे डॉलरच्या घरात. मुलगा म्हणेल घ्या, सून म्हणेल घ्या, आपल्या मनात मात्र रुपयाचा गुणाकार चालू होतो. तो इतका महाग का, आणि कुणाला खरंच लागतो, ते पुढं सिमुलकास्टच्या भागात येईल. ते वाचल्याशिवाय खरेदी करू नका.

संगणकाची आवड असेल तर तीस-चाळीस डॉलरचं आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायची रेडिओची कांडी) आणि एसडीआर-ट्रंक हे फुकट सॉफ्टवेअर यांवरही काम होतं. एका डोंगलला एका वेळी साधारण २.४ मेगाहर्ट्झचाच पट्टा दिसतो, त्यामुळं साइटच्या फ्रिक्वेन्सी लांब-लांब असतील तर दोन लागतात. तो वेगळाच नाद आहे.

माहिती वहीत उतरवा

हे काम सांगलीत बसूनच करता येतं. मी तर पावसाळ्याच्या संध्याकाळी करतो, एरवी त्या दिवसांत बाकी काही सुचत नाही, सगळं गाव "आयर्विनला (म्हणजे कृष्णेवरच्या पुलापाशी) किती फूट?" एवढंच विचारत असतं.

रेडिओ रेफरन्स नावाचा एक मोठा माहितीसाठा आहे. त्यात राज्य, मग काउंटी, असं उतरत जायचं. मुलाच्या पत्त्यातला पाच आकडी झिप कोड आणि काउंटीचं नाव विचारून घ्या. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा, फक्त अधिकार जिल्ह्याचे. त्या पानावर सिस्टीमचं नाव आणि प्रकार दिसेल. मी वहीत एवढंच उतरवतो:

सिस्टीमचा प्रकार, म्हणजे पी-२५ फेज वन की टू.

घराला सर्वात जवळच्या एका साइटचं नाव, आणि तिच्या यादीतल्या रंगीत फ्रिक्वेन्सी. रंगीत असतात त्या कंट्रोल चॅनल. लाल तो मुख्य, निळे ते राखीव. राखीव सोडू नका. माईकवरचा माणूस अधूनमधून खिडकी बदलतो, आणि त्या दिवशी तुमचा स्कॅनर मुका होतो. उरलेल्या काळ्या फ्रिक्वेन्सी पी-२५ मध्ये भरायची गरज नसते, कारण कुठला फलाट कुठं हा नकाशा कंट्रोल चॅनल स्वतःच सांगत असतो. जुन्या ईडॅक्स पद्धतीत मात्र फ्रिक्वेन्सी ठराविक क्रमानंच भराव्या लागत; फलाटाच्या पाट्या उलटसुलट लागल्या तर प्रवासी भलत्याच गाडीत. तसली सिस्टीम तुमच्या वाट्याला आली तर क्रमांकासकट उतरवा.

मग टॉकग्रुप. प्रत्येकाचा आकडा, नाव आणि त्यापुढचं एक इंग्रजी अक्षर. त्या अक्षराकडं नीट बघा. "डी" म्हणजे डिजिटल, "टी" म्हणजे वेळ वाटून घेणारं फेज टू. त्याच्यापुढं मोठा "ई" असेल तर बोलणं पूर्ण कुलूपबंद आहे. छोटा असेल तर कधी उघडं, कधी बंद. कुलूपबंद बोलणं कुठलाही स्कॅनर उघडत नाही, आणि उघडायचा प्रयत्नही करायचा नसतो. बऱ्याच शहरांत पोलिसांचे टॉकग्रुप असे बंद होत चालले आहेत. असे आकडे सरळ खोडा. नाहीतर यंत्र बिघडलंय असं वाटून तुम्ही मुलाच्या मागं लागाल.

यादी शेकड्यांनी असते. शाळेच्या बस, बर्फ काढणाऱ्या गाड्या, तुरुंग, पाणीपुरवठा, सगळं. मोह आवरा. पहिल्या खेपेला वीसच घ्या. माझी शिफारस अशी: काउंटीच्या अग्निशमन दलाचा डिस्पॅच (गाड्यांना कामावर पाठवायचा पुकारा होतो तो), रुग्णवाहिकेचा डिस्पॅच, उघडा असेल तर शहर पोलिसांचा एक, शेरीफचा (काउंटीच्या पोलिसांचा) एक, रस्ते खात्याचा एक. उरलेले घराजवळच्या गावांचे. फायर सगळ्यात आधी, कारण तिथलं बोलणं सावकाश आणि नीट असतं आणि बहुतेक ठिकाणी अजून उघडं आहे. पोलिसांचं इंग्रजी पहिल्या दिवशी आपल्या कानाला झेपत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये यादी बनवा

४३६ आणि एसडीएस या यंत्रांसाठी सेंटिनेल हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं. त्यात अमेरिकेचा सगळा माहितीसाठा आयता येतो. पहिलं काम, तो साठा ताजा करून घेणं. दर आठवड्याला नवा येतो.

मग नवी फेव्हरिट्स लिस्ट करा. नाव इंग्रजी अक्षरांत द्यावं लागतं, मी "घर" असं दिलं आहे. आता माहितीसाठ्यातून तुमची सिस्टीम शोधून तिच्यातली फक्त ती एक साइट आणि हवे तेवढे विभाग या लिस्टमध्ये टाका. रचना अशी उतरते: लिस्टमध्ये सिस्टीम, सिस्टीममध्ये एकीकडं साइट आणि दुसरीकडं विभाग, विभागात टॉकग्रुप. विभागासकट जे नको ते आत येईल ते पुसून टाका. वहीतल्या वीसशी ताळा करा. आकडा एकानं चुकला तरी भलताच गट लागतो, म्हणून मी हिला वाचायला बसवतो आणि मी टिक करतो. ती म्हणते, "पतपेढीचा ताळेबंद झाला हा."

लिस्टला, सिस्टीमला आणि प्रत्येक विभागाला एकेक क्विक की क्रमांक द्या. यंत्रावर नुसता आकडा दाबून तो विभाग चालू-बंद करता येतो. फायर एक, रुग्णवाहिका दोन, पोलीस तीन, असे ठेवा.

यंत्र हाती आलं की केबल जोडून "राइट टू स्कॅनर" म्हणायचं. त्याआधी तीन ठिकाणी हटकून चूक होते, ती आताच बघून घ्या.

पहिली, सर्व्हिस टाइप्स. प्रत्येक टॉकग्रुपवर एक शिक्का असतो: फायर डिस्पॅच, लॉ डिस्पॅच, पब्लिक वर्क्स वगैरे. तो शिक्का यंत्रात बंद असेल तर तुमच्या आवडत्या लिस्टमधला टॉकग्रुपही यंत्र गाळून टाकतं. यादी बरोबर, सिग्नल भरपूर, आणि रस्ते खातं मात्र गप्प. कारण पब्लिक वर्क्स चालूच केलेलं नसतं.

दुसरी, लोकेशन. यंत्राला झिप कोड देऊन "जवळचंच ऐक" असं सांगता येतं. तुमच्या लिस्टसाठी ही सोय बंद ठेवा. मुलानं घर बदललं आणि यंत्रात जुनाच झिप राहिला, अशी शांतता मी दोन घरांत पाहिली आहे.

तिसरी, फुल डेटाबेस चालू राहणं. मग तुमचे वीस टॉकग्रुप बाजूला राहतात आणि यंत्र आख्खी काउंटी चाळत बसतं. तो बंद, आणि "घर" लिस्टचं मॉनिटर चालू.

बीसीडी ३२५ पी२ वाल्यांना सेंटिनेल चालत नाही. त्यावर हातानं भरता येतं: नवी सिस्टीम, प्रकार पी-२५ ट्रंक, मग साइट, तिच्यात कंट्रोल चॅनल, मग गट, गटात टॉकग्रुपचे आकडे. वीस आकड्यांना तासभर पुरतो. दोनशे भरायला घेतले तर चहा तीनदा होतो आणि शेवटी कुठंतरी चुकतंच.

पहिला दिवस

यंत्र चालू केल्यावर लगेच स्कॅनला सोडू नका. साइटवर होल्ड करा. पडद्यावर सिस्टीमचं नाव स्थिर दिसतंय आणि सिग्नलच्या काड्या आहेत का बघा. काड्या येतात-जातात असं असेल तर खिडकीपाशी जा. तिकडच्या घरांत तळघर असतं आणि पाहुण्यांची खोली बऱ्याचदा तिथंच. तळघरात ८५० मेगाहर्ट्झ नीट पोचेल अशी आशा धरू नका.

अँटेनाचा एक गैरसमज जाता जाता काढतो. लांब अँटेना म्हणजे जास्त ऐकू येतं असं नाही. ८५० मेगाहर्ट्झच्या लहरीच्या पाव लांबीला जेमतेम नऊ सेंटिमीटर पुरतात. १५४ मेगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्याला तीच पाव लांबी जवळजवळ एकोणपन्नास सेंटिमीटर होते. यंत्राबरोबर येणारी कांडी सगळ्यांसाठी थोडीथोडी चालणारी असते. तुमची सिस्टीम ७०० किंवा ८०० च्या पट्ट्यात असेल तर त्या पट्ट्यासाठीची बोटभर अँटेना पंधरा-वीस डॉलरला घ्या; फरक कानाला कळतो.

काड्या ठीक असतील तर दिवसभर आयडी सर्च चालू करा. या पद्धतीत यंत्र तुमच्या यादीबाहेरचेही टॉकग्रुप ऐकवतं आणि नाव नसेल तर नुसता आकडा दाखवतं. मी वहीत आकडा, वेळ आणि विषय लिहितो. एका दिवसात कळतं की त्या साइटवर प्रत्यक्षात कोण बोलतं. कागदावर महत्त्वाचा दिसणारा टॉकग्रुप दिवसभर मुका असतो, आणि कुठलासा आडबाजूचा आकडा दर दोन मिनिटांनी वाजतो. यादीत त्याप्रमाणं दुरुस्ती करा आणि दुसऱ्या दिवशी आयडी स्कॅनवर या, म्हणजे फक्त यादीतलं ऐकू येईल.

डिले, म्हणजे बोलणं थांबल्यावर यंत्रानं त्याच टॉकग्रुपवर वाट बघायचा वेळ, दोन सेकंद ठेवा. ट्रंक सिस्टीममध्ये एकच संभाषण चालू असताना प्रत्येक बोलणाऱ्याला नवा फलाट मिळू शकतो. एकानं विचारलं पाच नंबरवर, उत्तर आलं दोनवर. डिले शून्य असेल तर उत्तर येण्याआधीच यंत्र दुसरीकडं निघून जातं आणि तुम्हाला सगळे प्रश्नच ऐकू येतात. जास्त बडबड करणारा टॉकग्रुप नको वाटला तर अव्हॉइड एकदा दाबा. यंत्र बंद करून चालू केलं की तो परत येतो. दोनदा दाबला की कायमचा जातो, आणि काय घालवलं हे महिन्यानं आठवत नाही. म्हणून पहिले पंधरा दिवस एकदाच.

आवाज फाटतो, तुटतो, बुडबुड येते

आता महागाचं कारण. काड्या पूर्ण, तरी आवाज घागरीत बोलल्यासारखा तुटतोय. नवे लोक इथं अँटेना आणखी मोठी करतात आणि प्रकरण आणखी बिघडतं.

गणेशोत्सवात पेठेत चार कोपऱ्यांवर चार कर्णे असतात आणि चारींवर एकच आरती चालू असते. एका कर्ण्याखाली उभं राहिलात तर शब्द स्पष्ट. चौकाच्या मधोमध उभं राहिलात तर आवाज सगळ्यात मोठा, पण शब्द एकमेकांवर चढलेले, कारण प्रत्येक कर्ण्याचा आवाज थोडा वेगळ्या वेळी पोचतो. शहरांत अनेक मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी, तेच बोलणं सोडतात. याला सिमुलकास्ट म्हणतात. पोलिसांच्या रेडिओला हे गणित सोडवायची सोय असते. साध्या स्कॅनरला ते जमत नाही, त्याला दोन-तीन मनोऱ्यांचे बिट एकमेकांत मिसळून येतात. एसडीएस १०० आणि त्याचा टेबलावरचा भाऊ एसडीएस २०० आतून वेगळ्या पद्धतीनं सिग्नल पकडतात, त्यांना चौकातली आरती उलगडते. त्याचेच पैसे.

म्हणून खरेदीआधी साइटच्या नावात "सिमुलकास्ट" हा शब्द आहे का बघा. असेल आणि मुलगा भर शहरात राहत असेल, तर स्वस्तातलं यंत्र घेऊन पस्तावण्यापेक्षा एसडीएसच घ्या. गावाबाहेर राहत असेल आणि एकच मनोरा जवळ असेल तर ४३६ निवांत चालतं.

यंत्र आधीच घेऊन बसला असाल तर कर्ण्याची युक्ती करा. चौकातून एका कर्ण्याखाली सरका. यंत्र घरात फिरवत फिरवत अशी जागा शोधा जिथं काड्या कमी पण शब्द स्पष्ट आहेत. फ्रीजच्या आडोशाला, भिंतीच्या कोनाड्यात, कधी अँटेना थोडी आडवी करून. अटेन्युएटर चालू करून बघा. सिग्नल कमी केल्यावर दूरचे मनोरे गळतात आणि जवळचा एक उरतो. माझी जागा स्वयंपाकघरात डाव्या कोपऱ्यात सापडली, मिक्सरच्या मागं. सून हसायची, पण तिथंच स्पष्ट ऐकू यायचं.

कान तयार होईपर्यंत

पहिले दोन दिवस काही कळणार नाही, हे गृहीत धरा. त्यांचं बोलणं ठरावीक साच्याचं असतं: आधी कुणाला हाक मारायची ते, मग स्वतःचं नाव, मग काम. "इंजिन" म्हणजे आगीचा बंब, "लॅडर" म्हणजे शिडीचा, "मेडिक" म्हणजे रुग्णवाहिका. घराजवळच्या फायर स्टेशनचा क्रमांक माहीत करून घ्या. फिरायला जाताना दारावरच दिसतो. संध्याकाळी त्या क्रमांकाचा पुकारा झाला आणि दोन मिनिटांनी खिडकीतून भोंगा ऐकू आला की मग सगळं जुळायला लागतं. पावसाळ्यात आपल्याकडं नाही का, कोयनेतून किती क्युसेक सोडलं एवढा आकडा ऐकला की आयर्विनला पाणी कधी आणि किती चढेल याचा अंदाज सांगलीतली शेंबडी पोरंसुद्धा बांधतात. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हापासून तर प्रत्येक घरात एक जलतज्ज्ञ आहे. कानाला सवय लागली की आकड्यातून चित्र उभं राहतं.

वेळेचा फरक ध्यानात ठेवा. ओहायो उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागं असतं. तिथली दुपारी चार ते रात्री आठ ही वेळ ऐकायला सगळ्यात भरगच्च, म्हणजे ऑफिस सुटण्याची, रस्ते तुंबण्याची. तेव्हा सांगलीत मध्यरात्र उलटून गेलेली असते. जे ऐकलं ते तेव्हाच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मोह त्यामुळं आपोआप कमी होतो, आणि ते बरंच आहे. रुग्णवाहिकेच्या टॉकग्रुपवर लोकांचे घरचे पत्ते, वय, दुखणं, सगळं येतं. ते कुणाला सांगू नका, रेकॉर्ड करून पाठवू तर अजिबात नका, आणि ऐकून कुठं बघायला जाऊ नका. एकदा शेजारच्याच रस्त्याचं नाव ऐकून मी चप्पल घातली होती. मुलानं दारातच अडवलं, "बाबा, बसा." बरोबर होतं त्याचं.

परत निघताना

टॉकग्रुप बदलत असतात. नवी साइट उभी राहते, कुणी कुलूप लावतं, एखादं गाव जुनी सिस्टीम सोडून राज्याच्या सिस्टीमवर येतं. म्हणून पुढच्या खेपेला गेल्यावर पहिलं काम, सेंटिनेलचा साठा ताजा करून "घर" लिस्ट वहीशी पुन्हा ताडून बघणं.

लिस्टची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन या, तिला काही अडचण नाही. यंत्र मात्र तिथंच मुलाच्या कपाटात ठेवा. ४३६ असेल तर त्यातले तिन्ही पेन्सिल सेल काढून ठेवा. सहा महिन्यांत ते पाझरतात आणि पत्र्यावर हिरवं चढतं. माझ्या यंत्राचं तसं झालं होतं, लिंबू आणि जुन्या टूथब्रशनं अर्धा तास घासावं लागलं. एसडीएसची लिथियम बॅटरी अर्धी चार्ज करून बाहेर काढून ठेवायची.

इथं आल्यावरही कानाची खाज राहिलीच, तर हौशी रेडिओचा परवाना हा सरळ रस्ता आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची. खालच्या श्रेणीला व्हीयू-३ आणि वरच्या श्रेणीला व्हीयू-२ नं सुरू होणारं नाव मिळतं. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यात येतो आणि तिथं ऐकायचंच नाही तर बोलायचंही असतं. तात्यांनी अर्ज भरलाय. मोर्स नको असेल तर खालची श्रेणी घ्या असं मी त्यांना सांगितलंय, पण त्यांना वरचीच हवी आहे, त्यामुळं सध्या आमच्या गॅलरीत संध्याकाळी "डिट डा डिट" चालू असतं.